शालेय पोषण आहार आणि राज्याची जबाबदारी : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक आढावा

शाळेत येणाऱ्या मुलाला दुपारचे जेवण राज्याने आपल्या खर्चाने द्यावे की नाही, हा प्रश्न भारतात कायद्याच्या पातळीवर सुटलेला आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी एक शिजवलेले जेवण मोफत मिळण्याचा हक्क दिला असून, त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची, जातीची किंवा शिधापत्रिकेच्या रंगाची कोणतीही अट घातलेली नाही. या हक्काचा खरा आवाका मात्र कायद्याच्या शब्दांपेक्षा त्यामागे उभ्या केलेल्या निधीवरून ठरतो. ताटात काय पडते, ते कोण शिजवते, वर्षातील किती दिवस शिजते आणि कोणती मुले पंगतीबाहेर राहतात, या चार प्रश्नांची उत्तरे निधीच्या रचनेत दडलेली आहेत. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या, हंगामी स्थलांतर अंगवळणी पडलेल्या आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ही रचना जितकी उघडी पडते, तितकी ती सुस्थितीतल्या जिल्ह्यात पडत नाही. त्यामुळे या दोन जिल्ह्यांच्या अंगाने योजनेचा आढावा घेणे उचित ठरते.

हक्कापर्यंतचा प्रवास

शाळेत जेवण देण्याचे प्रयोग भारतात जुने आहेत. १९२०च्या दशकात मद्रास महापालिकेने आपल्या काही शाळांत ते सुरू केले, १९५०च्या दशकात मुख्यमंत्री के. कामराज यांनी ते तेव्हाच्या मद्रास राज्यात पसरवले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने तामिळनाडूत त्याला सार्वत्रिक पोषण आहार योजनेचे रूप दिले. महाराष्ट्राची वाट वेगळी होती. येथे भुकेच्या प्रश्नाला दिलेले मोठे सरकारी उत्तर १९७२च्या दुष्काळातून आले आणि ते रोजगाराचे होते. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली, पुढे रोजगार हमीचा कायदाही झाला, परंतु शाळेतील मूल हा या विचाराचा केंद्रबिंदू नव्हता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शिक्षणासाठी पोषण साहाय्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात ‘शालेय पोषण आहार योजना’ या नावाने तो सुरू झाला. आरंभीची काही वर्षे मुलांना शिजवलेले अन्न मिळत नव्हते. महिन्यात ८० टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाला तीन किलो तांदूळ दिला जाई आणि तो घरी जाऊन सर्व कुटुंबात विभागला जाई. म्हणजे निधी खर्च होत होता, पण मुलाच्या पोटात त्यातले किती जाते, याची हमी नव्हती.

ही स्थिती न्यायालयाच्या आदेशाने बदलली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्व राज्यांना असा आदेश दिला की, शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस द्यावे. २००२ नंतर महाराष्ट्रातील शाळांत चुली पेटल्या आणि ‘खिचडी’ हेच योजनेचे बोलीतले नाव झाले. २० एप्रिल २००४च्या पुढील आदेशात न्यायालयाने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. अन्न शिजवण्याचा खर्च कोणत्याही परिस्थितीत मुलांकडून वसूल करू नये, स्वयंपाकाच्या नेमणुकीत अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे आणि दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण सुरू ठेवावे, असे हे आदेश होते. यांपैकी दुसरा आदेश पंगतीतील जातिभेदाला थेट हात घालणारा होता, तर तिसरा मराठवाड्यासारख्या प्रदेशाला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिला असावा इतका येथील परिस्थितीला लागू पडणारा होता.

योजना २००८ पर्यंत सहावी ते आठवीच्या वर्गांपर्यंत पोहोचली, २०१३च्या कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने तिला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नवे नाव देऊन २०२५-२६ पर्यंत मंजुरी दिली. त्या वेळी देशातील ११ लाख २० हजार शाळांतील सुमारे ११ कोटी ८० लाख मुले तिच्या कक्षेत होती. शाळांना जोडलेल्या बालवाटिकाही, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्गही, तेव्हापासून तिच्यात आले.

एका ताटाचा हिशेब

प्रमाण असे आहे की, पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळासह ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळासह ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत. धान्य केंद्राकडून भारतीय अन्न महामंडळामार्फत विनामूल्य येते. डाळ, तेल, भाजी, मसाला व इंधन यांसाठी जो दर ठरवला जातो त्याला साहित्य-खर्च म्हणता येईल. तो १ मे २०२५ पासून प्राथमिक वर्गांसाठी प्रतिदिन ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे इतका आहे. २०१५-१६ पासून हा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० या प्रमाणात वाटला जातो, त्यापूर्वी केंद्राचा वाटा ७५ टक्के होता. प्राथमिक वर्गातील मुलामागे केंद्र ४ रुपये ७ पैसे देते आणि राज्य २ रुपये ७१ पैसे देते, असा या विभागणीचा अर्थ होतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात धान्यादी माल, म्हणजे तांदूळ, डाळी, कडधान्ये, तेल व मसाले, नेमलेल्या पुरवठादाराकडून शाळेपर्यंत पोहोचवला जातो, तर इंधन व भाजीपाला यांचे पैसे शाळेच्या खात्यावर येतात. शहरांत अनेक ठिकाणी बचत गट किंवा संस्था चालवत असलेल्या केंद्रीय स्वयंपाकगृहातून अन्न येते. या व्यवस्थेतील सर्वांत अशक्त दुवा भाजीपाल्याचा आहे. प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण कागदावर असले, तरी टंचाईच्या काळात बाजारभाव चढले आणि खात्यावरचा निधी उशिरा आला की मुख्याध्यापकाला एक तर उधारीवर भागवावे लागते किंवा भाजी कमी करावी लागते; आणि मुलांच्या आहारात ज्या सूक्ष्म पोषकद्रव्यांची सर्वाधिक उणीव आहे, ती नेमकी याच भाजीतून मिळायची असतात.

या प्रदेशातील पीकपद्धती पाहता खरेदीच्या रचनेतील विसंगती अधिक ठळक होते. लातूर ही तुरीची आणि डाळ गिरण्यांची देशभर ओळखली जाणारी बाजारपेठ आहे, ज्वारी हे मराठवाड्याचे परंपरागत धान्य आहे आणि घरोघरी भाकरी व वरण हाच रोजचा आहार आहे. तरीही शाळेतील ताट मुख्यतः बाहेरून आलेल्या तांदळावर उभे आहे आणि डाळीची खरेदी जिल्ह्याबाहेर ठरते. ब्राझीलने २००९च्या कायद्याने शालेय आहारासाठी दिल्या जाणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि एकाच खर्चातून मुलांचे पोषण व शेतकऱ्याची बाजारपेठ हे दोन्ही हेतू साधले. ज्या दोन जिल्ह्यांत शेतमालाच्या भावाचा प्रश्न दरवर्षी तीव्र होतो, तेथे अशा तरतुदीचा विचार व्हायलाच हवा.

ताटामागील श्रमाचा हिशेब तर सर्वांत कठोर आहे. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभर मुलांपर्यंत दोन आणि पुढील प्रत्येक शंभर मुलांमागे आणखी एक ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ नेमावा, असा निकष आहे. या कामावर बहुतांशी गावातील गरीब, अनेकदा विधवा किंवा परित्यक्ता स्त्रिया असतात. केंद्राने त्यांचे मानधन २००९ मध्ये महिना १,००० रुपये, तेही वर्षातून दहा महिने, असे ठरवले आणि केंद्राचा तो आकडा तेव्हापासून हललेला नाही. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २,५०० रुपयांपर्यंत नेले आहे. महिन्याला शाळेचे २२ दिवस धरले तर ही रक्कम दिवसाला सुमारे ११४ रुपये होते. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर २९७ रुपये होता. तांदूळ निवडणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे आणि अनेक ठिकाणी पाणी भरणे या कामांत अर्ध्याहून अधिक दिवस जातो. ‘मानधन’ या नावाखाली या कामाला वेतनाच्या कायद्यांबाहेर ठेवल्यामुळे, मुलांच्या हक्काच्या जेवणाचा काही भार प्रत्यक्षात गावातील सर्वांत गरीब स्त्रियाच उचलत आहेत.

अंडे आणि लोकसहभाग

निधीच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण अंड्याचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एक दिवस अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी देण्याचा निर्णय घेतला व त्यासाठी अंड्यामागे पाच रुपये धरले. त्या वेळी प्राथमिक वर्गाचा संपूर्ण दिवसाचा साहित्य-खर्च ५ रुपये ४५ पैसे होता, म्हणजे एका अंड्याची किंमत जवळजवळ एका ताटाइतकी होती आणि स्वतंत्र तरतुदीशिवाय अंडे देणे अशक्य होते. जानेवारी २०२५च्या शासन निर्णयाने ही स्वतंत्र तरतूद थांबली. अंड्याचे पदार्थ ऐच्छिक झाले आणि त्यांचा खर्च शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून उभा करावा, असे सांगण्यात आले.

लोकसहभागाला महाराष्ट्राच्या शिक्षणात मानाचे स्थान आहे आणि वाढदिवस, पुण्यतिथी किंवा सणानिमित्त गावकऱ्यांनी मुलांना ‘स्नेहभोजन’ देण्याची प्रथा स्वागतार्हच आहे. परंतु लोकसहभाग गावाच्या ऐपतीप्रमाणे मिळतो. बागायती पट्ट्यातील किंवा शहरालगतच्या शाळेला देणगीदार सापडतात. किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवर, मुखेड-कंधारच्या डोंगराळ गावांत किंवा जळकोटच्या कोरडवाहू भागात, जेथे अर्धे गाव हंगामात बाहेर असते, तेथे ते सापडणे कठीण असते. ज्या मुलाला अंड्याची गरज अधिक, त्याच्या गावाकडून ते मिळण्याची शक्यता कमी, अशी ही उलटी विभागणी आहे. सार्वत्रिक हक्काचा एखादा घटक देणगीवर सोडला की तो सार्वत्रिक राहत नाही.

सीमेपलीकडे पाहिले तर दुसरा मार्ग दिसतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि किनवट या तालुक्यांना लागून असलेल्या तेलंगणात आठवड्यातून तीन अंड्यांची तरतूद आहे आणि नववी-दहावीच्या मुलांनाही राज्य स्वतःच्या निधीतून जेवण देते. उदगीर, देवणी व निलंगा यांच्या शेजारच्या बीदर जिल्ह्याचा कर्नाटकाने २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘अक्षर दासोह’ योजनेच्या पहिल्या टप्प्यात समावेश केला, २०१३ पासून शाळांत दूध सुरू केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये बीदरसह मागास जिल्ह्यांत अंडी किंवा केळी देऊन पुढे ती राज्यभर नेली. तेथेही आहार दहावीपर्यंत पोहोचतो. कर्नाटकात आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्यासाठी २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनचा निधी वापरला जातो. तो खासगी निधी असला, तरी करार संपूर्ण राज्यासाठी झालेला असल्याने कोणत्या गावाला अंडे मिळेल हे गावाच्या ऐपतीवर अवलंबून राहत नाही. तेलंगणा आणि बीदर ही दोन्ही शेजारी क्षेत्रे १९४८ पर्यंत नांदेड-लातूरबरोबरच निजामाच्या हैदराबाद राज्यात होती, दुष्काळ आणि मागासलेपण त्यांच्याही वाट्याला सारखेच आले. त्यामुळे ताटातील आजचा फरक परिस्थितीचा म्हणता येत नाही, तो राज्यांच्या अर्थसंकल्पातील प्राधान्यक्रमाचा आहे.

दुष्काळ, सुट्टी आणि स्थलांतर

योजनेचा निधी शाळेच्या दिवसांवर आणि त्या दिवशीच्या उपस्थितीवर मोजला जातो. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे, परंतु तिच्यात एक गंभीर दोष आहे. मराठवाड्यात भुकेचे दिवस आणि शाळेचे दिवस नेहमी एकत्र येत नाहीत. कोरडवाहू कुटुंबाच्या घरातील धान्य उन्हाळ्याच्या अखेरीस संपत येते आणि त्याच काळात, मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, शाळा बंद असतात.

२०१६चा उन्हाळा या दोषाची कसोटी पाहणारा होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, तेव्हा देशाचे लक्ष पाण्याकडे गेले. पण जेथे पिण्याचे पाणी नाही तेथे शेतीचे काम नाही, मजुरी नाही आणि म्हणून जेवणही नाही, हे त्यामागचे मोठे वास्तव होते. ‘स्वराज अभियान’च्या याचिकेवर १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही शालेय जेवण द्यावे आणि आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, अंडे, दूध किंवा तत्सम पोषक पदार्थ द्यावा, असा आदेश दिला. २००४च्या आदेशातील तीच गोष्ट बारा वर्षांनी न्यायालयाला पुन्हा सांगावी लागली, याचे कारण सुट्टीतील जेवणाची तरतूद योजनेच्या नियमित अंदाजपत्रकाचा भाग झालेली नव्हती. प्रत्येक टंचाईत ती नव्याने मागावी लागते आणि आदेश पोहोचेपर्यंत सुट्टी सरत येते. आता संकटाचे स्वरूपही एकच राहिलेले नाही. ऑगस्ट व सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाची पिके वाहून गेली, म्हणजे दुष्काळाप्रमाणेच ओल्या संकटातही कुटुंबाचे अन्न हिरावले जाते.

अशा संकटात शालेय आहार काय करू शकतो, याचा पुरावा उपलब्ध आहे. अभिजित सिंह, अल्बर्ट पार्क व स्टीफन डर्कन यांनी तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशातील मुलांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये असे दाखवले की, लहानपणी दुष्काळामुळे खुंटलेली वाढ शालेय जेवण मिळालेल्या मुलांमध्ये मोठ्या प्रमाणात भरून निघाली. तनिका चक्रवर्ती व राजी जयरामन यांच्या २०१९च्या अभ्यासात, पाच वर्षे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनातील गुण सुमारे १८ टक्क्यांनी आणि गणितातील सुमारे ९ टक्क्यांनी अधिक आढळले. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याही पुढे जाऊन, ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले त्यांच्या अपत्यांची उंची वयाच्या मानाने चांगली असल्याचे दाखवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली असताना, पुढील पिढीपर्यंत पोहोचणारा हा लाभ दुय्यम मानता येणार नाही.

स्थलांतराचा प्रश्न याहून अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. आई-वडिलांबरोबर फडावर गेलेले मूल गावच्या शाळेच्या उपस्थितीतून वजा होते, त्याच्या ताटाचा निधीही थांबतो आणि फडाजवळच्या शाळेत त्याचे नाव नसते. यावर महाराष्ट्राने हंगामी वसतिगृहांचा उपाय शोधला; त्यात मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहते, दुपारचे जेवण शाळेत घेते आणि उरलेल्या जेवणांची सोय वसतिगृहाच्या निधीतून होते. ही कल्पना मुळातून योग्य आहे. तिची मंजुरी टोळ्या निघण्यापूर्वी मिळाली तरच मूल गावात राहते. उशिरा मिळाली तर ते आधीच निघून गेलेले असते. त्यामुळे येथे रकमेइतकेच महत्त्व वेळेला आहे.

पंगतीबाहेरची मुले

‘सर्व विद्यार्थी’ या शब्दप्रयोगातून आज तीन गट वगळले जातात. पहिला गट नववी-दहावीच्या मुलांचा आहे. केंद्राच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) देशातील किशोरवयीन मुलींपैकी सुमारे ४० टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि नेमक्या याच वयात, आठवी संपताच, जेवण थांबते. मुलीची शाळा सुटण्याचा आणि तिचे लग्न ठरण्याचा धोकाही याच टप्प्यावर असतो. दुसरा गट विनाअनुदानित खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या दुर्बल घटकांतील मुलांचा आहे. शाळा बदलल्याने त्यांच्या घरची परिस्थिती बदललेली नसते. तिसरा गट फडावर गेलेल्या मुलांचा असून त्याचा उल्लेख वर आला आहे. याउलट किनवट प्रकल्पातील निवासी आश्रमशाळेत शिकणाऱ्या नववीच्या मुलाला आदिवासी विकास विभागाकडून सर्व जेवणे मिळतात, तर त्याच तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात रोज चालत येणाऱ्या नववीच्या मुलाला एकही मिळत नाही. ही सीमारेषा गरजेवरून आखलेली नाही, खात्यांच्या कक्षेवरून आखली गेली आहे.

आक्षेपांचा विचार

सार्वत्रिक आहारावर मुख्यतः चार आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सधन पालकांच्या मुलांवर सरकारने खर्च का करावा. त्याला उत्तर असे की, गरिबांची निवड करण्याची यंत्रणा महाग असते, चुकते आणि निवडलेल्या मुलावर गरिबीचा शिक्का मारते. एका पंगतीत सर्वांनी जेवण्याचे शैक्षणिक मूल्यही निवडीने नष्ट होते. फिनलंडने १९४३चा कायदा करून १९४८ पासून सर्व विद्यार्थ्यांना मोफत जेवण द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो युद्धाने खंगलेला देश होता; संपन्नता येण्याची वाट त्याने पाहिली नाही. उलट इंग्लंडमध्ये १९०६च्या कायद्यापासून गरजूंनाच मोफत जेवण ही रीत दीर्घकाळ राहिली आणि अखेर २०१४ मध्ये लहान वर्गांपुरते तरी सर्वांना मोफत जेवण द्यावे लागले.

दुसरा आक्षेप रोख रकमेच्या बाजूने येतो : जेवणाऐवजी पैसेच का देऊ नयेत. मे २०२१ मध्ये केंद्राने साहित्य-खर्चाची रक्कम थेट मुलांच्या खात्यावर देण्याचे ठरवले तेव्हा ती मुलामागे सुमारे १०० रुपये भरत होती आणि तेवढ्यासाठी बँकेत खाते उघडण्याची धावपळ पालकांना करावी लागली. मराठवाड्याला याचा आणखी एक अनुभव आहे. नांदेड-लातूरसह १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून मिळणारे स्वस्त धान्य थांबवून २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये देण्यात आले. महागाईत रकमेची खरेदीशक्ती घटते, शिजवलेल्या ताटाची पोषणक्षमता घटत नाही. शिवाय रक्कम घराची होते आणि ताट मुलाचे राहते.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे व तो रास्त आहे. साठ्याच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती, वाढण्यापूर्वी अन्न चाखून नोंद करणे आणि पावत्यांचा मेळ यांत द्विशिक्षकी शाळेतील अध्यापनाचा वेळ खर्ची पडतो. चौथा अन्नसुरक्षेचा आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील विषारी अन्नाने २३ मुले दगावली, तेव्हा निगराणीतील ढिलाईची किंमत देशाने पाहिली. या दोन्ही आक्षेपांवरील उपाय योजना आकसण्यात नाही. शाळांच्या समूह-केंद्राच्या स्तरावर हिशेबासाठी स्वतंत्र मनुष्यबळ देणे, स्वयंपाकगृह, धान्यकोठी व पाणी यांची पक्की सोय करणे आणि सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावसभेसमोर होणारी हिशेब-तपासणी, नियमित करणे हे ते उपाय आहेत, आणि तिन्हींना निधी लागतो.

निष्कर्ष

या आढाव्यातून एक सूत्र पुढे येते. महाराष्ट्राने सर्वांना जेवण देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे, पण त्या तत्त्वाचा पूर्ण खर्च स्वीकारलेला नाही. तांदळाचा खर्च केंद्र उचलते, डाळ-तेलाचा खर्च दोन्ही सरकारे मिळून उचलतात, परंतु अंड्याचा भार गावाच्या दानशूरतेवर, भाजीच्या कमतरतेचा भार मुख्याध्यापकाच्या उधारीवर आणि श्रमाचा भार स्वयंपाकिणीच्या अल्प मानधनावर टाकलेला आहे. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत हे तिन्ही आधार सर्वांत कमकुवत आहेत.

म्हणून प्राधान्यक्रम स्पष्ट असायला हवा. अंडे किंवा तुल्य प्रथिनयुक्त पदार्थ हा राज्याच्या नियमित अर्थसंकल्पातील खर्च व्हावा, स्वयंपाकिणींना बारा महिने किमान वेतनाशी निगडित मोबदला मिळावा, टंचाई किंवा अतिवृष्टी जाहीर होताच सुट्टीतील जेवण आपोआप लागू व्हावे, हंगामी वसतिगृहांचा निधी टोळ्या निघण्यापूर्वी पोहोचावा आणि आहार दहावीपर्यंत वाढवावा. यांपैकी एकही मागणी अभूतपूर्व नाही. काहींची अंमलबजावणी शेजारच्या राज्यांत होत आहे आणि एकीविषयी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश दोनदा झाला आहे. उष्मांकांचे व प्रथिनांचे प्रमाण ज्या शासनाने कागदावर मान्य केले, त्याने त्या प्रमाणाची संपूर्ण किंमत मोजली पाहिजे. तोपर्यंत सार्वत्रिक शालेय आहार हा अर्धाच पाळलेला कायदा राहील.